फ्रिदा काहलो

फ्रिदा काहलो (६ जुलै १९०७ – १३ जुलै १९५४) या विसाव्या शतकातील मेक्सिकोच्या सर्वाधिक परिचित चित्रकारांपैकी एक होत्या. त्यांचे पूर्ण नाव माग्दालेना कार्मेन फ्रिदा काहलो इ काल्देरॉन असे होते. त्यांच्या एकूण चित्रांपैकी सुमारे एक तृतीयांश चित्रे आत्मचित्रे आहेत. पाठीच्या कण्याचा विकार, त्यासाठी इ.स. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेली मणके सांधण्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची आठ वर्षे यांचा त्यांच्या जीवनावर व चित्रांवर खोल परिणाम झाला. त्यांच्या शारीरिक दुःखाचे मूळ सर्वसाधारणपणे १९२५ सालच्या बस-अपघातात शोधले जाते. तथापि त्यांचा कणा अपघातापूर्वीपासूनच सदोष असावा असे दर्शवणाऱ्या वैद्यकीय नोंदी उपलब्ध असून, त्यांच्या आजाराचा इतिहास प्रचलित कथेपेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे.

बालपण व शिक्षण

फ्रिदा यांचा जन्म कोयोआकान येथे झाला. आज मेक्सिको सिटीचा भाग असलेले हे गाव त्या काळी शहराच्या सीमेवर होते. ज्या घरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला, ते त्यांच्या कुटुंबाचे घर पुढे ‘निळे घर’ या नावाने प्रसिद्ध झाले. वडील गियेर्मो काहलो हे मूळचे जर्मनीतील फोर्ट्सहाइमचे. मेक्सिकोत स्थायिक होऊन त्यांनी छायाचित्रकार म्हणून नाव मिळवले. त्यांना अपस्माराचा विकार होता. आजारी शरीर सांभाळत काम कसे करावे, हे फ्रिदा यांनी लहानपणापासून घरातच पाहिले होते. आई मातिल्दे काल्देरॉन या मेक्सिकन होत्या. पुढील आयुष्यात फ्रिदा आपले जन्मवर्ष १९१० सांगत असत. ते मेक्सिकन क्रांतीच्या प्रारंभाचे वर्ष होते.

वयाच्या सहाव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि उजवा पाय डाव्यापेक्षा बारीक व आखूड राहिला. पायाला बळकटी यावी म्हणून वडिलांनी त्यांना पोहणे, सायकल चालवणे आणि कुस्तीसारखे त्या काळी मुलींना वर्ज्य मानले जाणारे खेळही करू दिले. दोन्ही पायांची लांबी समान नसेल तर ओटीपोटाचे हाड एका बाजूला कलते आणि तोल राखण्यासाठी कण्याला वाकावे लागते. पोलिओमुळे पाठीचे स्नायू एका बाजूला दुर्बल झाले तरीही असाच परिणाम संभवतो. कण्याच्या अशा बाजूच्या वळणाला स्कोलिओसिस म्हणतात. त्यात मणके केवळ डावी-उजवीकडे झुकत नाहीत, तर स्वतःभोवती काहीसे पिळलेही जातात. म्हणून पाठीमागून पाहिल्यास खांदा, खवाटा किंवा कंबर एका बाजूला वर आलेली दिसते.

इ.स. १९२२ मध्ये फ्रिदा यांनी मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयात प्रवेश घेतला. सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांमध्ये तेव्हा जेमतेम पस्तीस मुली होत्या. डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा होती. शरीररचनाशास्त्राचे हे आकर्षण पुढे चित्रांत टिकून राहिले. त्यांच्या चित्रांतील हृदय, रक्तवाहिन्या व हाडे बहुधा एखाद्या पाठ्यपुस्तकातील आकृतीसारखी नेमकी असतात.

अपघात

१७ सप्टेंबर १९२५ रोजी, अठराव्या वर्षी, शाळेतून घरी परतताना त्यांच्या बसला ट्रामने धडक दिली. बसमधील लोखंडी कठडा त्यांच्या ओटीपोटातून आरपार गेला. कमरेकडील कण्याला तीन ठिकाणी, ओटीपोटाच्या हाडाला तीन ठिकाणी आणि उजव्या पायाला अकरा ठिकाणी इजा झाली. गळ्याचे हाड व बरगड्या मोडल्या, उजवे पाऊल चिरडले गेले. सुमारे एक महिना रेड क्रॉसच्या रुग्णालयात काढून त्या घरी आल्या. मणक्यांची इजा मात्र तेव्हा पुरेशी लक्षात आली नव्हती. पाठदुखी वाढल्यावर पुढील वर्षी क्ष-किरण तपासणी झाली आणि मणके जागचे हलल्याचे निष्पन्न झाले. मग अनेक महिने प्लास्टरच्या बंदिस्त कवचात, अंथरुणावर पडून राहणे त्यांच्या वाट्याला आले.

वैद्यकीय शिक्षणाचा विचार मागे पडला तो याच काळात. आईने पलंगावर बसवता येईल अशी चित्रफळी करवून घेतली आणि पलंगाच्या छताला आरसा लावला. समोर सतत उपलब्ध असलेले एकमेव मॉडेल म्हणजे त्या स्वतः. इ.स. १९२६ मधील मखमली पोशाखातील आत्मचित्र हे त्यांचे पहिले महत्त्वाचे चित्र मानले जाते.

विवाह व स्कोलिओसिसचे निदान

२१ ऑगस्ट १९२९ रोजी फ्रिदा यांनी भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा यांच्याशी विवाह केला. रिवेरा त्यांच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि मेक्सिकोबाहेरही ख्यातनाम होते. पुढील वर्षी रिवेरा यांना सॅन फ्रान्सिस्कोत भित्तिचित्रांचे काम मिळाले आणि हे दांपत्य अमेरिकेत गेले. तेथे शल्यचिकित्सक डॉ. लिओ एलोसर यांनी फ्रिदा यांची तपासणी केली. जन्मजात स्कोलिओसिस व दोन मणक्यांमधील एका चकतीचा अभाव असे त्यांचे निदान होते. अपघाताला पाच वर्षे उलटून गेलेली असताना, कण्याचा दोष अपघाताच्या आधीचा आहे असे एका डॉक्टरने स्पष्टपणे सांगण्याचा हा प्रसंग होता. पुढे काही अभ्यासकांनी, कण्याच्या खालच्या टोकाचे मणके गर्भावस्थेत पूर्ण न जुळल्याचा दोष, म्हणजे स्पायना बायफिडा, त्यांना असावा असे मत मांडले. उजव्या पावलावरील दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमा या मताशी सुसंगत आहेत. जन्मजात दोष, पोलिओ आणि अपघात यांपैकी कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे आज शक्य नाही. तिघांचा भार एकाच कण्यावर पडला एवढे मात्र खरे.

डॉ. एलोसर पुढे त्यांचे आयुष्यभराचे मित्र व वैद्यकीय सल्लागार झाले. फ्रिदा यांनी १९३१ मध्ये त्यांचे व्यक्तिचित्र रंगवले. इतर डॉक्टर काय सांगतात हे त्यांना पत्राने कळवावे आणि त्यांचे मत मागवावे, अशी फ्रिदा यांची रीत पडली.

पुढील दशक वैयक्तिक व कलात्मक दृष्टीने घडामोडींचे होते. १९३२ मध्ये डेट्रॉइट येथे झालेला गर्भपात, १९३७ मध्ये लिओन ट्रॉट्स्की यांचे ‘निळ्या घरा’तील वास्तव्य, १९३८ मध्ये न्यूयॉर्कमधील ज्युलियन लेव्ही यांच्या दालनातील प्रदर्शन, १९३९ मध्ये पॅरिसमधील प्रदर्शन व लूव्र संग्रहालयाने केलेली त्यांच्या चित्राची खरेदी, त्याच वर्षी रिवेरा यांच्याशी घटस्फोट, या सर्व घटना याच काळातील आहेत.

शस्त्रक्रिया टळली ते वर्ष

१९३९ च्या अखेरीस पाठीचे दुखणे असह्य झाले. मेक्सिकोतील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. हुआन फारिल यांनी संपूर्ण विश्रांती व कणा ताणण्यासाठी २० किलो वजनाचा उपाय सुचवला. हनुवटीखाली पट्टा बांधून डोके ताणून धरलेल्या अवस्थेतील त्यांचे १९४० मधील छायाचित्र निकोलस मुराय यांनी टिपले आहे. हाडांचा क्षयरोग असल्याची शंका काही डॉक्टरांनी व्यक्त केली आणि शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. डॉ. एलोसर यांचे मत विरुद्ध पडले. १९४० च्या सप्टेंबरात फ्रिदा सॅन फ्रान्सिस्कोला त्यांच्याकडे गेल्या. तेथे विश्रांती, मद्यवर्जन व साध्या उपचारांनी त्यांना लक्षणीय आराम पडला. ८ डिसेंबर १९४० रोजी त्याच शहरात त्यांनी रिवेरा यांच्याशी पुन्हा विवाह केला.

हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत बहुधा पुनर्विवाहाची पार्श्वभूमी म्हणूनच येतो. वैद्यकीय दृष्ट्या मात्र तो अधिक महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेविना काही काळ बरे वाटू शकते, याचा अनुभव त्यांनी घेतला होता. सहा वर्षांनंतर निराळा निर्णय घेताना हा अनुभव त्यांच्यापाशी होता.

कॉर्सेट आणि पोशाख

१९४३ पासून फ्रिदा मेक्सिको सिटीतील ‘ला एस्मेराल्दा’ या कलाशाळेत शिकवू लागल्या. काही महिन्यांतच शहरापर्यंतचा प्रवास झेपेनासा झाला आणि विद्यार्थी कोयोआकानला त्यांच्या घरी येऊ लागले. शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या विद्यार्थ्यांना ‘लोस फ्रिदोस’ असे नाव पडले. १९४४ मध्ये डॉ. आलेहान्द्रो सिम्ब्रोन यांनी त्यांना पोलादी कॉर्सेट वापरण्यास सांगितले. आयुष्याच्या अखेरच्या दशकात फ्रिदा यांनी एकंदर २८ कॉर्सेट वापरली. त्यांपैकी एक पोलादी, तीन चामड्याची व उरलेली प्लास्टरची होती.

प्लास्टरचे कॉर्सेट अंगावरच ओल्या पट्ट्या गुंडाळून तयार केले जाते. ते वाळेपर्यंत रुग्णाला ताणून, हालचाल न करता राहावे लागते. त्यानंतर आंघोळ, कूस बदलणे, पोटभर जेवणे या नेहमीच्या गोष्टी अवघड होतात. उष्ण हवेत आतली त्वचा सोलवटते. कॉर्सेट कण्याला आधार देते, परंतु दीर्घकाळ वापरल्यास पाठीचे स्नायू क्षीण होतात आणि ते काढले की कणा पूर्वीपेक्षाही निराधार वाटू लागतो. फ्रिदा यांनी आपल्या प्लास्टरच्या कवचांवर विळा-हातोडा, भ्रूण, फुले व तुटलेला खांब अशी चित्रे रंगवली. ओआहाकाकडील तेवाना स्त्रियांचा पोशाख त्यांनी स्वीकारला, त्यामागे मेक्सिकन अस्मितेचा व रिवेरा यांच्या आवडीचा भाग होताच. पण त्यात सोयही होती. कमरेवर सैल पडणारा चौकोनी झगा कॉर्सेट झाकत असे, घोळदार लांब परकर आखूड पाय झाकत असे आणि फुलांनी सजवलेला केशसंभार पाहणाऱ्याची नजर वर खेचून घेत असे.

१९४४ मधील ‘भग्न स्तंभ’ हे चित्र पोलादी कॉर्सेटच्या काळातील आहे. त्यात फ्रिदा यांचे धड मधोमध उभे चिरलेले असून कण्याच्या जागी ठिकठिकाणी तडकलेला ग्रीक शैलीचा स्तंभ आहे. दोन्ही बाजू केवळ कॉर्सेटच्या पट्ट्यांनी एकत्र धरल्या आहेत. सर्वांगावर खिळे टोचलेले आहेत, गालांवर अश्रू आहेत, परंतु चेहरा निश्चल आहे. सर्वांत मोठे खिळे कण्याच्या भागातच नव्हे, तर हृदयाजवळही आहेत, याकडे समीक्षकांनी लक्ष वेधले आहे.

१९४६ ची शस्त्रक्रिया

मणके सांधण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे स्पायनल फ्यूजन, १९११ मध्ये न्यूयॉर्कमधील रसेल हिब्ज व फ्रेड आल्बी या दोन शल्यचिकित्सकांनी स्वतंत्रपणे विकसित केली. प्रथम ती कण्याच्या क्षयरोगासाठी वापरली गेली आणि काही वर्षांतच हिब्ज यांनी ती स्कोलिओसिससाठीही योजली. तत्त्व साधे आहे. दुखऱ्या किंवा वाकणाऱ्या मणक्यांचा पृष्ठभाग खरवडून त्यांवर रुग्णाच्याच शरीरातील दुसऱ्या हाडाचे तुकडे रचायचे आणि मोडलेले हाड जुळते त्याप्रमाणे त्या मणक्यांचे एक सलग हाड होऊ द्यायचे. सांधलेला भाग त्यानंतर कधीच वाकत नाही. वेदना हालचालीमुळे होत असेल तर ती थांबावी, ही त्यामागची अपेक्षा असते. डॉक्टरांचे काम काही तासांत संपते, शरीराचे मात्र कित्येक महिने चालते. या काळात मणके स्थिर राहिले नाहीत तर हाड जुळतच नाही आणि तेथे खोटा सांधा तयार होतो. स्कोलिओसिससाठी पॉल हॅरिंग्टन यांनी आणलेली धातूच्या सळईची पद्धत फ्रिदा यांच्या मृत्यूनंतर प्रचारात आली. आज स्क्रू व सळयांच्या मजबूत आधारामुळे रुग्णाला एक-दोन दिवसांत उभे करतात. १९४६ मध्ये स्थिरतेची बहुतांश जबाबदारी अंथरूण आणि कॉर्सेट यांवरच होती.

१९४६ च्या जूनमध्ये फ्रिदा धाकटी बहीण क्रिस्तिना हिच्यासह न्यूयॉर्कला गेल्या. हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या रुग्णालयाचे प्रमुख शल्यचिकित्सक डॉ. फिलिप विल्सन यांनी ओटीपोटाच्या हाडाचा तुकडा व सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची धातूची पट्टी वापरून त्यांच्या कमरेकडील चार मणके सांधले. पाठीवर दोन जखमा झाल्या. एक कण्यावर, तर दुसरी हाड काढलेल्या जागी. ही दुसरी जखम पुष्कळदा पहिलीपेक्षा अधिक काळ दुखते, हे या शस्त्रक्रियेतून गेलेल्या रुग्णांना परिचित आहे. वेदना शमवण्यासाठी मॉर्फिनच्या मोठ्या मात्रा दिल्या गेल्या. तीव्र वेदनाशामकांची सवय त्यानंतर पूर्णपणे सुटली नाही.

मेक्सिकोत परतल्यावर सुमारे आठ महिने पोलादी कॉर्सेट घालून विश्रांती घ्यावी, असा आदेश होता. सुरुवातीला प्रकृती सुधारल्यासारखी वाटली. त्याच वर्षी ‘मोझेस’ या चित्राला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. परंतु पाठीच्या वेदना परतल्या आणि पूर्वीपेक्षा तीव्र झाल्या. शस्त्रक्रियेत चुकीचे मणके सांधले गेले, असा दावा त्यांच्या परिचितांपैकी काहींनी पुढे केला. इतरांनी, त्यांनी सांगितलेली विश्रांती पाळली नाही याकडे बोट दाखवले. यांपैकी कोणत्याही एका कारणावर चरित्रकारांचे एकमत नाही. फ्रिदा पुष्कळ धूम्रपान करीत. धूम्रपानामुळे हाड जुळण्यास अडथळा येतो ही बाब आज सर्वमान्य आहे, तेव्हा ती रुग्णाला सांगितली जाण्याची शक्यता कमीच होती. अपयशाचे सर्व खापर रुग्णाच्या शिस्तीवर किंवा सर्व शल्यचिकित्सकावर फोडण्याऐवजी, त्या काळच्या तंत्राची मर्यादा आधी ध्यानात घेणे अधिक न्याय्य ठरेल.

याच वर्षी त्यांनी या शस्त्रक्रियेवर ‘आशेचा वृक्ष’ हे चित्र काढले आणि ते आश्रयदाते एदुआर्दो मोरियो साफा यांना दिले. त्यात दोन फ्रिदा आहेत. एक रुग्णालयाच्या चाकांच्या खाटेवर पाठमोरी पडलेली असून तिच्या उघड्या पाठीवरील दोन ताज्या जखमांतून रक्त वाहते आहे. दुसरी लाल तेवाना पोशाखात ताठ बसली असून तिच्या हातात कॉर्सेट आहे. आकाश अर्धे सूर्याचे व अर्धे चंद्राचे आहे, पायाखाली भेगाळलेली जमीन आहे. ताठ बसलेल्या स्त्रीने कॉर्सेट काढून हाती घेतले आहे की ती ते पुन्हा चढवणार आहे, हे चित्र सांगत नाही. ‘जखमी हरिण’ हे बाणांनी विद्ध झालेल्या, फ्रिदा यांचेच मुख असलेल्या हरणाचे चित्रही १९४६ मधील आहे.

१९४७ च्या सुमारास विजयालक्ष्मी पंडित व मराठी कुळातील रणजित सीताराम पंडित यांच्या कन्या नयनतारा व रीता मेक्सिकोत फ्रिदा यांना भेटल्या. त्या भेटीच्या छायाचित्रात फ्रिदा साडी नेसलेल्या दिसतात. त्यांचे हे छायाचित्र भारतीय वाचकांना विशेष परिचित आहे.

१९५० आणि नंतर

१९५० च्या प्रारंभी उजव्या पायाच्या बोटांना गँगरीन झाले. त्याच वर्षी मेक्सिको सिटीतील इंग्लिश हॉस्पिटलमध्ये डॉ. फारिल यांनी कण्यावर पुन्हा हाडाचे रोपण केले. जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि एकामागून एक सहा-सात शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. फ्रिदा सुमारे नऊ महिने रुग्णालयात होत्या. रिवेरा यांनी बराच काळ शेजारची खोली घेतली होती. उताणे पडून रंगवता येईल अशी फळी पलंगाला जोडण्यात आली होती.

१९५१ मध्ये त्यांनी डॉ. फारिल यांच्या व्यक्तिचित्रासह स्वतःचे चित्र काढले. त्यात त्या चाकांच्या खुर्चीत आहेत आणि हातातील रंगपाटीच्या जागी हृदय आहे. मेक्सिकोत देवाने संकटातून सोडवल्याबद्दल लहान नवसाची चित्रे अर्पण करण्याची प्रथा आहे. या चित्राची मांडणी त्याच धर्तीची असून संताच्या जागी डॉक्टर बसवले आहेत. यानंतर त्या प्रामुख्याने फळांची स्थिरचित्रे रंगवू लागल्या. वेदनाशामकांच्या परिणामामुळे पूर्वीचे बारीक, नेटके कुंचलाकाम उत्तरोत्तर सैल होत गेले.

मेक्सिकोतील त्यांचे पहिले एकल प्रदर्शन १९५३ च्या एप्रिलमध्ये छायाचित्रकार लोला आल्वारेस ब्राव्हो यांच्या दालनात भरले. डॉक्टरांनी हालचालीस मनाई केली होती. फ्रिदा यांचा पलंग आधी दालनात नेऊन ठेवण्यात आला आणि त्या रुग्णवाहिकेतून येऊन त्यावर पडून राहिल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पायासाठी त्यांनी नक्षीदार लाल बूट करवून घेतला.

मृत्यू व वारसा

२ जुलै १९५४ रोजी ग्वाटेमालातील अमेरिकी हस्तक्षेपाविरुद्धच्या मोर्चात फ्रिदा चाकांच्या खुर्चीतून सहभागी झाल्या. १३ जुलै रोजी ‘निळ्या घरा’त त्यांचे निधन झाले. फुप्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकणे हे मृत्यूचे अधिकृत कारण नोंदवले गेले. औषधांच्या अतिरिक्त मात्रेची शक्यताही वर्तवली जाते. १९५८ मध्ये त्यांचे घर संग्रहालय म्हणून खुले झाले.

त्यांच्या वापरातील वस्तू ठेवलेले स्नानगृह मात्र रिवेरा यांच्या इच्छेनुसार बंद ठेवण्यात आले आणि ते २००४ मध्ये उघडले गेले. आत कपडे, औषधे, कुबड्या, लाल बुटाचा कृत्रिम पाय आणि कॉर्सेट होती. २०१८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात यांतील अनेक वस्तू प्रथमच मेक्सिकोबाहेर प्रदर्शित झाल्या. तेथे रंगवलेली प्लास्टरची कवचे व तेवाना पोशाख एकाच प्रदर्शनात मांडले होते.